ट्रिप संपताना दर वेळी परकीय पैसे उरतात? मग आधी हे तपासा

प्रॉब्लेम दर वेळचा तोच. परत येऊन बॅग उपसायला घेतली की तळाशी मूठभर नाणी, पाकिटाच्या मागच्या कप्प्यात चार-पाच चुरगळलेल्या नोटा, आणि एक नोट अशी की जी सहा महिन्यांनी जॅकेटच्या आतल्या खिशात सापडते. माझ्याकडे असल्या पैशांचा एक डबाच होता. मध्यंतरी तो रिकामा करायला बसले तेव्हा कळलं की त्यातले बरेच पैसे आता पैसे राहिलेलेच नाहीत. क्रोएशियाचे कुना होते, पण तो देश १ जानेवारी २०२३ ला युरोवर गेला. ब्रिटनचं जुनं गोल एक पौंडाचं नाणं होतं, ते १५ ऑक्टोबर २०१७ पासून दुकानात चालत नाही. म्हणजे मी इतकी वर्षं धातूचे तुकडे जपून ठेवले होते आणि वर "पुढच्या वेळी कामाला येतील" असं मनाला समजावत होते.

बहुतेक जण यावर उपाय शोधतात तो एअरपोर्टवर, विमान सुटायच्या तासभर आधी, आणि तिथे उपाय नसतोच. तिथे असतो फक्त सगळ्यात वाईट रेट आणि ड्युटी फ्रीमधली मानेची उशी. (माझ्याकडे अशा तीन उशा आहेत.) हे काम ट्रिप संपायच्या तीन दिवस आधी करायचं असतं, नंतर केलं की वरातीमागून घोडं.

आधी बघा, पैसे उरतायत कशामुळे

कारण कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही, म्हणून थोडं इथे थांबू. माझ्या अनुभवात तीनच कारणं निघतात. पहिलं, सुरुवातीलाच भीतीपोटी जास्त कॅश घेतलेली असते. दुसरं, एटीएमची फी प्रत्येक वेळी लागते म्हणून एकदाच मोठी रक्कम काढली जाते, आणि हे गणित तसं बरोबरही आहे, पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत तेच गणित उलटं फिरतं. तिसरं कारण सगळ्यात दुर्लक्षित, ते म्हणजे आपण प्रत्येक वेळी मोठी नोट पुढे करतो. भाषा कळत नाही, मागे लाइन लागलेली असते, नाणी ओळखता येत नाहीत, मग काय, दिली मोठी नोट आणि घेतली ओंजळभर चिल्लर. आठ दिवस असं केलं की खिसा फाटायला येतो.

आणि देशाप्रमाणे पण फरक पडतो. स्वीडनमध्ये बऱ्याच दुकानांत कॅश घेतच नाहीत, स्टॉकहोमच्या बसमध्ये पण नाही, त्यामुळे तिथे उरलेले क्रोनर खर्च करायचे म्हणजे आधी कॅश घेणारं दुकान शोधा. उलट जपान किंवा जर्मनीत अजूनही छोट्या ठिकाणी रोख लागते. म्हणजे किती कॅश न्यायची हा प्रश्न देशागणिक वेगळा आहे आणि सगळीकडे एकच ठरलेली रक्कम नेली तर कुठे ना कुठे उरणारच.

परत बदलून घेणं एवढं महाग का पडतं

समजा बाजारातला खरा रेट १०० आहे. मनी एक्सचेंजवाला तुम्हाला तेच चलन विकताना १०६ ला विकतो आणि परत घेताना ९४ ला घेतो, मधले १२ त्याचे. एअरपोर्टवर हा फरक आणखी रुंद असतो, कारण तिथल्या गाळ्याचं भाडं कुठून तरी निघायला हवं आणि समोरचं गिऱ्हाईक अडलेलं आहे हे त्याला माहीत असतं. शिवाय काही ठिकाणी व्यवहारामागे ठराविक फी असते. रक्कम मोठी असेल तर ती जाणवत नाही, पण उरलेली रक्कम बहुतेक वेळा छोटीच असते, ३० उरले आणि त्यातले ५ फीमध्येच गेले की वर रेटचा मार वेगळा. "नो कमिशन" अशी मोठी पाटी दिसली की खूश होऊ नका, कमिशन रेटमध्येच लपवलेलं असतं. हातात नक्की किती पडणार तो एकच आकडा विचारायचा, बाकी सगळ्या गप्पा.

म्हणून पहिला नियम माझ्यापुरता असा की परत बदलणं हा शेवटचा पर्याय. खर्च करता आले तर आधी खर्च, पण उशा घेऊन नाही. ज्या गोष्टीवर तसेही पैसे जाणारच आहेत त्यावर.

तीन दिवस आधी काय करायचं

सगळी कॅश टेबलावर ओता आणि मोजा. खरंच मोजा, अंदाज नको. मग पुढच्या तीन दिवसांत रोखीनेच द्यावे लागतील असे खर्च कुठले ते बघा, एअरपोर्टला जायचं भाडं, कुठे कार्ड न घेणारी जागा असेल तर ती, टीप. तेवढे बाजूला काढून ठेवा. उरलेले आजपासूनच संपवायला लागा, म्हणजे कार्ड खिशात आणि कॅश हातात, नेहमीच्या उलट.

त्यानंतर सगळ्यात उपयोगी ट्रिक, आणि ही किती जणांना माहीत नसते याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. हॉटेलचं बिल दोन भागांत देता येतं. चेक आउट करताना काउंटरवर सांगायचं, एवढी रोख घ्या आणि उरलेले कार्डवर टाका. बहुतेक ठिकाणी ते आनंदाने करतात. विमानतळावरच्या बऱ्याच दुकानांतही असं चालतं. यात रेटचं नुकसान शून्य, कारण तुम्ही चलन बदलतच नाही आहात, ज्या देशाचे पैसे त्याच देशात संपवताय. फक्त एक काळजी घ्या, कार्डचा भाग भरताना मशीन विचारतं की स्थानिक चलनात घेऊ की तुमच्या चलनात, तेव्हा स्थानिकच निवडायचं. "तुमच्या चलनात" वालं बटण दिसायला सोयीचं असतं पण रेट त्या मशीनवाल्यांचा लागतो आणि जे काही वाचवलं ते तिथे परत जातं.

हॉटेलचं बिल आधीच ऑनलाइन भरून टाकलं असेल तर ही सोय गेली. म्हणून मी आता शेवटच्या मुक्कामाचं बुकिंग शक्यतो "तिथे जाऊन पैसे द्या" असंच घेते, अर्थात त्यासाठी रेट वाढवून मागत असतील तर नाही.

दुसरी बाजू पण सांगते, म्हणजे अति करू नका. एकदा मी एवढ्या उत्साहाने कॅश संपवली की शेवटच्या सकाळी टॅक्सीवाला म्हणाला कार्ड मशीन बंद आहे, आणि मग एटीएम शोधा, फी भरा, एटीएम देणार मोठी नोट, आणि पुन्हा हातात चिल्लर. फिरून तिथेच. शेवटच्या दिवसासाठी एक मधली नोट राखीव ठेवाच.

आणि घाईघाईत खर्च करताना नोटा नीट बघा. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डोंग दोन्ही नोटा निळसर आहेत, आणि संध्याकाळच्या उजेडात, घाईत, दमलेल्या डोळ्यांना एक दुसरीसारखी दिसते. म्हणजे पंचवीस पटींचा फटका.

नाण्यांचं काय

नोटा आणि नाणी हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. नोट उरली तर काही ना काही होऊ शकतं. नाणं एकदा त्या देशाबाहेर गेलं की संपलं, कारण मनी एक्सचेंजवाले नाणी घेतच नाहीत. त्यांचाही इलाज नाही, नाणी जड, मोजायला-निवडायला वेळ जाणार, परत त्या देशात पाठवायचा खर्च नाण्यांच्या किमतीला खाऊन टाकणार. त्यामुळे रोज संध्याकाळी खिसा रिकामा करून आधी नाणी संपवायची सवय लावा.

कशी संपवायची? सुपरमार्केटमध्ये सेल्फ चेकआउट मशीन असतात, त्यातली कॅश घेणारी मशीन शोधा. सगळी चिल्लर त्यात ओता आणि उरलेली रक्कम कार्डने भरता येते का बघा, बऱ्याच मशीनवर येते. मागे कोणी उसासे टाकत उभं नसतं, कॅशियरच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही, एकेक नाणं निवांत ओळखत टाकायचं. जपानमध्ये एक लक्षात ठेवा, व्हेंडिंग मशीन १ आणि ५ येनची नाणी घेत नाहीत, नेमकी तीच साठत जातात, त्यामुळे ती दुकानात सुट्टे म्हणून द्यायची. जपानच्या काही विमानतळांवर पॉकेट चेंज नावाची मशीन आहेत, त्यात नाणी-नोटा टाकल्या की तेवढ्या किमतीचं ई-मनी किंवा गिफ्ट कोड मिळतो. हाँगकाँगमध्ये तर तिथल्या मॉनेटरी अथॉरिटीचे नाणी गोळा करणारे दोन ट्रकच फिरतात, २०१४ पासून. नाणी ओता, आणि पैसे नोटांत घ्या किंवा ऑक्टोपस कार्डात (तिथलं प्रवासाचं प्रीपेड कार्ड) भरून घ्या. ट्रक आपल्या मुक्कामाजवळ येईल याची खात्री नाही, पण कल्पना मला फार आवडली.

सगळी नाणी सारखी नसतात हे पण बघा. स्वित्झर्लंडचं ५ फ्रँकचं, जपानचं ५०० येनचं, ब्रिटनचं २ पौंडाचं, २ युरोचं, ही दिसायला चिल्लर पण किमतीला छोट्या नोटेएवढी. चार-पाच अशी राहिली तर एक बऱ्यापैकी जेवण गेलं. आधी ही संपवा, मग तांब्याची.

आणि जी कशानेच संपत नाहीत ती दान. युनिसेफचा "चेंज फॉर गुड" हा उपक्रम १९८७ पासून एअरलाइन्सबरोबर चालतो, सहभागी विमान कंपन्यांच्या फ्लाइटमध्ये पाकीट देतात, त्यात कुठल्याही देशाची नाणी-नोटा टाकता येतात. बऱ्याच विमानतळांवर काचेच्या दानपेट्या पण असतात. पाकीट सीटसमोरच्या खिशात दिसलं नाही तर केबिन क्रूला विचारा.

प्रवासाच्या कार्डात अडकलेले पैसे

हे लोक हमखास विसरतात, कारण ते पैशांसारखे दिसत नाहीत. मेट्रो-बसच्या कार्डात चिल्लर भरून टाकणं हा नाण्यांवरचा चांगला उपाय आहे, पण निघताना तेवढंच अडकून राहू शकतं. जपानच्या सुइका कार्डाचं उदाहरण घ्या. नेहमीच्या कार्डात ५०० येन डिपॉझिट असतं, कार्ड परत करताना शिल्लक रकमेतून २२० येन फी कापतात, पण शिल्लक शून्य असेल तर फी नाही आणि डिपॉझिट पूर्ण परत. म्हणजे आधी बॅलन्स दुकानात संपवा (सुइका दुकानातही चालतं) आणि मग कार्ड परत द्या. पर्यटकांसाठीचं वेलकम सुइका मात्र वेगळं, त्याला डिपॉझिट नाही, पण ते २८ दिवसच चालतं आणि शिल्लक परत मिळत नाही, त्यात मोकळ्या हाताने भरलं की गेलं. कार्ड घेतानाच रिफंड कुठे आणि कसा मिळतो ते विचारून ठेवा, निघताना काउंटर बंद असतो.

फॉरेक्स कार्डाचंही (परकीय चलन भरून नेतो ते प्रीपेड कार्ड) तेच. उरलेली रक्कम तशीच ठेवली की काही कार्डांवर काही महिन्यांनी वापर नसल्याची फी सुरू होते आणि बॅलन्स हळूहळू झिजतो. ट्रिपवरून आल्यावर पहिल्या आठवड्यात ॲप उघडून काय ते ठरवा.

हे पैसे बाहेर नेता येतात का, आणि बाहेर चालतात का

काही देशांचं चलन देशाबाहेर न्यायलाच मर्यादा आहे. ट्युनिशियाचा दिनार बाहेर न्यायला बंदी आहे, मोरोक्कोचे दिऱ्हाम २,००० पर्यंतच नेता येतात. अशी चलनं देशाबाहेर जवळपास कोणी घेत नाही, तेव्हा निघण्याआधीच बदलायची. आणि बदलताना पहिल्यांदा चलन घेतल्याची पावती मागू शकतात, ट्युनिशियात मागतात. मी एकदा पावती हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले होते आणि काउंटरवरचा माणूस शांतपणे मान हलवत राहिला, शेवटी एअरपोर्टवर मिळेल ते विकत घेतलं. तेव्हापासून एक्सचेंजच्या पावत्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये. शिवाय रात्री-पहाटेची फ्लाइट असेल तर काउंटर उघडा असेल हे गृहीत धरू नका.

मग जोडीची चलनं, इथे लोक फार फसतात. काही चलनं एकमेकांच्या बरोबरीची असतात पण व्यवहार एकतर्फी. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचा रँड चालतो आणि नामिबियन डॉलरची किंमत रँडएवढीच आहे, पण नामिबियन डॉलर घेऊन दक्षिण आफ्रिकेत गेलात तर दुकानदार घेत नाही. लेसोथो आणि एस्वातिनीच्या चलनाचं तेच. मकाऊमध्ये हाँगकाँग डॉलर सर्रास चालतो, मकाऊचा पटाका मात्र हाँगकाँगमध्ये दुकानात काढलात तर नकारच समजा. पश्चिम आफ्रिकेचा सीएफए फ्रँक आणि मध्य आफ्रिकेचा सीएफए फ्रँक, दोघांचा युरोशी दर अगदी एकच, १ युरोला ६५५.९५७, तरी एकाचे दुसऱ्याकडे चालत नाहीत. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या बँका स्वतःच्या नोटा छापतात, त्या पौंडच आहेत, पण ब्रिटनबाहेर त्या बदलताना कटकट होते, म्हणून निघण्याआधी बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांत बदलून घ्या. जर्सी आणि जिब्राल्टरच्या पौंडांचंही तसंच.

दोन्ही बाजूंनी चालणारी जोडी म्हणजे सिंगापूर आणि ब्रुनेई, १९६७ च्या करारामुळे दोघांचे डॉलर बरोबरीने एकमेकांकडे चालतात. म्हणून अशा भागात फिरताना शेवटी हातात राहील ते दोघांपैकी मोठ्या बाजारातलं चलन, हे बघायचं. सुट्टे परत घेताना "रँडमध्ये द्या" एवढं म्हटलं तरी पुरतं.

ठेवायचे की नाही

डॉलर, युरो, पौंड, येन, स्विस फ्रँक, आणि दोन-तीन वर्षांत परत जाणार असाल, तर नोटा खुशाल ठेवा. पुढच्या वेळी उतरल्या उतरल्या बसच्या तिकिटापुरते पैसे हातात असणं हे सुख आहे. ज्या चलनाची घसरण चालू आहे ते मात्र ठेवू नका. तुर्कस्तानचा लिरा २०१८ च्या सुरुवातीला डॉलरला ४ च्या आसपास होता, २०२५ च्या मध्यावर ४० च्या आसपास. आठवण म्हणून पाकिटात ठेवलेली नोट बसल्या जागी दहा पटींनी हलकी झाली. असे पैसे असतील तर ओळखीतलं कोणी तिकडे जात असेल त्याला मधल्या रेटने देऊन टाका, दोघांचाही फायदा. देताना नोट फाटलेली नाही, शिक्के-खुणा नाहीत ते बघा, मनी एक्सचेंजवाले डॉलरच्या बाबतीत तर छोट्या चिरेवरूनही नाक मुरडतात.

जुना डबा आधीच भरलेला असेल तर

म्हणजे माझ्यासारखी गत. टाकून देण्याआधी देश आणि नोटेची सिरीज बघा, कारण दुकानात बंद म्हणजे कायमचं बंद असं नसतं. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कायम बदलून देते, २० आणि ५० पौंडाच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, पण बँकेकडे त्यांची किंमत आहेच. जर्मनीची बुंडेसबँक जुने मार्क अजूनही घेते, नाण्यांसकट, कसलीही मुदत नाही. स्वित्झर्लंडच्या आठव्या सिरीजच्या नोटा २०२१ च्या एप्रिलअखेर चलनातून गेल्या, त्याही तिथली मध्यवर्ती बँक बदलून देते. अमेरिकेत १८६१ पासूनच्या सगळ्या नोटा कायद्याने चालतात, एक्सचेंजवाले छोटा चेहरा छापलेल्या जुन्या नोटा नाकारतात ती गोष्ट वेगळी. युरोच्या २००२ च्या पहिल्या सिरीजच्या नोटाही चालतात, आणि फाटलेली युरोची नोट निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर तिकडची मध्यवर्ती बँक बदलून देते.

उलट फ्रान्सचे फ्रँक फेब्रुवारी २०१२ नंतर घेणं बंद झालं, ग्रीसचे ड्राख्मा मार्च २०१२ नंतर. ते आता पुस्तकात खूण म्हणून घाला. माझ्या कुनांपैकी नोटा क्रोएशियाची मध्यवर्ती बँक कधीही बदलून देणार आहे, नाण्यांची मुदत मात्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२६ पासून युरोवर गेलाय, तेव्हा कोणाकडे तिथलं जुनं चलन, म्हणजे लेव्ह, असतील तर आजच बाहेर काढून ठेवा.

उरलेली नाणी-नोटा पोस्टाने घेणाऱ्या कंपन्या इंटरनेटवर आहेत, बंद पडलेली चलनंही घेतात. पण पोस्टाचा खर्च आधी मोजा, नाही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि बऱ्याच देशांत रोख पैसे साध्या पोस्टाने पाठवायला मनाई असते, ते पण तपासा.

माझ्या डब्यात आता दोनच पाकिटं आहेत, एकात युरो, एकात येन, वर तारीख लिहिलेली. बाकी सगळं वाटून, देऊन, संपवून झालं. गोल पौंड तेवढा ठेवलाय, दरवाज्याच्या खालची फट भरायला बरोबर बसतो.